निम्म्या भावातली खोली

"चादरीचा वास काय घेतेस? चादर ती चादर," हे म्हणाले.

मी घेतलाच. शी! कुणाच्या तरी पायांचा, कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा, आणि ते सगळं झाकायला वरनं शिंपडलेल्या स्वस्त अत्तराचा वास. उशीवर पिवळा ओघळ वाळलेला. मोरीत केसांचा एवढा बोळा अडकलेला, की हाक मारली असती तर त्यानं ओ दिली असती.

"मी इथं झोपायची नाही."

"अगं, भाव तर ऐक."

"भाव अंगाखाली घ्या नि तुम्हीच झोपा."

बॅगा उचलून पुन्हा रस्त्यावर. जॉर्जिया देशातलं तिबिलिसी शहर, जूनचं ऊन, चढाचे दगडी रस्ते, आणि सकाळपासून आम्ही दोघं दारोदार. पहिल्या ठिकाणी खोलीला खिडकीच नव्हती. दुसऱ्या ठिकाणी सगळ्या मजल्याला मिळून एक संडास, त्याचीही कडी मोडलेली. ही तिसरी. 

आमचा सोमेश तिथं डॉक्टरकीला होता. सहा वर्षांनी पदवी मिळायची होती, म्हणून आम्ही सांगलीहून आलेलो. "बाबा, मी चांगली खोली बघून ठेवतो," असं पोरगं दोन महिने कानीकपाळी ओरडत होतं. पण हे ऐकतील तर शपथ. हे हळदीच्या बाजारातले दलाल. हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात हयात गेलेली. "तो पोरगा काय सौदा करणार? तिथं जाऊन समोरासमोर बसायचं. निम्म्यात नाही मिळवली तर नाव सांगणार नाही." हे यांचं, आवटी दलालांचं, ब्रीदवाक्य.

मला भावाशी कर्तव्य नव्हतं. मला फक्त स्वयंपाकघर असलेली खोली हवी होती. बॅगेत कपड्यांपेक्षा जोंधळ्याचं पीठ जास्त होतं. बेसन, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, नि लोखंडी तवासुद्धा. विमानतळावरच्या माणसानं तो तवा उलटा-सुलटा करून बघितला होता, जणू मी तो कुणाच्या डोक्यात घालायला नेतेय. सोमेश फोनवर एकच गोष्ट मागायचा. "आई, मला हॉटेलात नेऊ नका. घरात बसून तुझ्या हातची भाकरी नि पिठलं खायचंय. तू वाढायचंस." उद्या दुपारी त्याची शेवटची तोंडी परीक्षा संपणार होती. परवा पदवीचा कार्यक्रम. त्या कार्यक्रमाला मी जाणार नव्हते. "एका पालकालाच पास आहे," असं यांनी मला घरीच सांगून ठेवलं होतं. वाईट वाटलं, पण म्हटलं, जाऊ दे. मला पोराला जेवू घालता आलं की झालं.

चौथं घर एका अंगणात होतं. मध्ये तुतीचं झाड, खाली फरशीवर पडलेल्या तुतींचे काळे-जांभळे डाग, वर लाकडी सज्जे आणि सज्ज्यांतनं वाळत घातलेले कपडे. घरमालकीण काळ्या कपड्यांतली, माझ्याच वयाची, रुंद हाडाची. नातेला तिचं नाव. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून वरच्या मजल्यावरचा झुराब नावाचा म्हातारा दुभाषा झाला. तो पूर्वी जहाजावर होता, त्यामुळं मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा.

तिनं खोली दाखवली. लहान, पण लख्ख. आणि शेजारी स्वयंपाकघर! ओटा पुसलेला, भांडी उपडी घातलेली, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. मी मनातल्या मनात तिथं परात मांडून भाकरी थापायलासुद्धा बसले.

"हीच घ्या," मी म्हटलं.

"तू गप्प बस. तुझं तोंड बघूनच ती भाव वाढवंल."

तिनं भाव सांगितला. यांनी निम्मा सांगितला. तिनं मान हलवली. मग यांनी आपला ठेवणीतला डाव काढला, पाठ फिरवून चालू लागायचं. "तिसऱ्या पावलाला हाक येते," हे नेहमी म्हणतात. तिसरं पाऊल पडलं, हाक नाही. हे तुतीपर्यंत गेले, हाक नाही. फाटकाशी गेले, बॅगेचा पट्टा उगाच सारखा केला, तरी नाही. नातेला दाराशी हाताची घडी घालून उभी. मला वाटलं, गेलं स्वयंपाकघर.

"अहो, द्या की ती म्हणेल ते!"

"थांब जरा," हे म्हणाले, आणि परत फिरले. या वेळी त्यांनी झुराबला बाजूला घेतलं. खांद्यावर हात टाकला, आवाज उतरवला, मान खाली घातली. बोलता बोलता एकदा माझ्याकडं बोट केलं. झुराबचा चेहरा उतरला. त्यानं नातेलाला काहीतरी सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ती बाई अशी चालत आली, की मला वाटलं आता काय करते कोण जाणे. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. तिचे डोळे भरलेले. माझेही भरले. परक्या मुलखात, भाषा येत नसताना कुणी असं जवळ घेतलं की भरतातच.

मग तिनं दाखवलेली खोली तशीच ठेवली, आणि आतली एक कुलपातली खोली उघडून दिली. मोठी, हवेशीर. निम्म्या भावात.

"बघितलंस?" यांनी मला डोळा मारला. "माणसाची नाडी सापडली पाहिजे."

"काय म्हणालात तिला?"

"सौदा झाला की सौद्यातलं विचारू नये."

त्या खोलीत भिंतीवर एका पोराचा फोटो होता. पैलवान. सांगलीच्या बाईला ते सांगावं लागत नाही, कान मोडलेले होते. कपाटात मोठ्या मापाचा कोट, खाली पॉलिश केलेले बूट. बूट अगदी जोडीनं ठेवलेले, जणू आत्ताच कुणी काढून आत गेलंय. मला जरा चुकल्यासारखं झालं. पण चादर स्वच्छ होती, उन्हाचा वास येत होता, आणि मी दमले होते.

संध्याकाळी नातेलानं जेवायला बोलावलं. बाहेर अजून लख्ख उजेड. टेबलावर पाव, चीज, राजम्यासारख्या घेवड्याची दाटसर उसळ, टोमॅटो, पालेभाजी. आम्ही मांस खात नाही हे तिनं आधीच विचारून घेतलं होतं. झुराबही आला. भिंतीशी एका फळीवर देवाची तसबीर, आणि तिच्याजवळ त्याच पैलवानाचा दुसरा फोटो, काळी फीत लावलेला, पुढं मेणबत्ती. तेव्हा मला कळलं. तिचा पोरगा गेलेला होता. आपल्याला दिलेली खोली त्याची.

"अहो," मी हळूच म्हटलं, "बाईचा मुलगा गेलाय. आपण ती खोली नको होती घ्यायला."

"तिनं दिली, आपण घेतली. उसळ झकास झालीय, खा."

नातेलानं पावाचा एक तुकडा तोडून ताटलीत ठेवला, त्यावर पेल्यातल्या वाइनचे थेंब पाडले, आणि म्हणाली, "लेवान." आपण गेलेल्याच्या नावानं पान वाढतो, तसंच ते, हे न सांगताही समजलं. मी हात जोडले. मग तिनं दुसरा तुकडा तोडला. त्यावरही थेंब पाडले. माझ्याकडं बघून, जीभ सांभाळत म्हणाली, "सोमेशी."

मी हातातला घास खाली ठेवला. "माझ्या पोराचं नाव का घेतलं तिनं?"

"आशीर्वाद देतीय. त्यांच्यात तशी पद्धत आहे."

नातेलानं खुणेनं विचारलं, फोटो आहे का? माझ्या पर्समध्ये सोमेशचा बारावीतला फोटो असतो. मी बापडी कौतुकानं काढून दिला. तिनं तो बघितला, मुका घेतला, आणि नेऊन लेवानच्या फोटोला टेकवून ठेवला. दुसरी मेणबत्ती लावली. झुराब टोपी काढून उभा राहिला आणि मला म्हणाला, त्याच्या त्या तुटक्या इंग्रजीत, पण प्रत्येक शब्द कळेल असा: तुमचा मुलगा, हिचा मुलगा, सारखेच. तुमचा मरून किती वर्षं झाली?

माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. पण 'सन' आणि 'डेड' कळायला तेवढं पुरतं.

मी यांच्याकडं बघितलं. हे उसळीत पाव बुडवत होते. नुसते बुडवत नव्हते, बशीच्या कडेनं फिरवून फिरवून रस टिपत होते. मला तो पाव, ती बोटं, त्या मिशीला लागलेला रस्सा, सगळ्याची अशी शिसारी आली की मी तोंडावर पदर धरून उठले.

खोलीत आल्यावर मी दार लावलं.

"तुम्ही माझ्या पोराला मारलंत?"

"हळू बोल. अगं, सौद्यात म्हणायचं असतं. मी दारातनं फोटो बघितला, पुढं मेणबत्ती. म्हटलं, हीच नाडी. म्हटलं, आमचा सोमेशही, एकुलता एक, असाच गेला, त्याला हे शहर बघायचं होतं, म्हणून त्याच्या आईला घेऊन आलोय. बस्स. बाईनं भाव पाडला. बोललं म्हणून कुणी मरतं काय?"

"सासूबाई काय सांगायच्या? घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. 'भुकेनं मेलो' म्हटलं म्हणून या सोमेशच्या तोंडावर चापट मारली होती त्यांनी. आणि तुम्ही?"

"ही वास्तू जॉर्जियाची आहे. तिला मराठी कळतंय होय?"

"तुम्ही इंग्रजीतनं सांगितलंत!"

"मग? बाईला इंग्रजी येत नाही, तर तिच्या वास्तूला कुठनं येणार?" आणि हे हसले. स्वतःच्याच विनोदावर हसले हो! "बाजारात मी शंभरदा म्हटलंय, बाप अंथरुणाला खिळलाय, भाव सोडा. बाप मेला का त्यानं?"

"मेले की मामंजी."

"ते वयानं मेले!"

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता बाहेर चला. झुराबला सांगा, खोटं बोललो म्हणून. माझं पोर त्या फळीवरनं उतरवा."

"वेडबीड लागलंय? रात्रीचं बाहेर काढंल ती. आणि हे बघ, उद्या सोमेशला इकडं आणायचं नाही. मी कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी त्याला गाठतो, तिथनं हॉटेलात जेवायला जाऊ."

"आणि माझं पिठलं?"

"पिठल्याचं काय घेऊन बसलीस? सांगलीत कर."

म्हणजे पोराला जेवू घालायला मी जे घर मागत होते ते घर मिळालं, आणि त्या घरात माझ्या पोराला यायला बंदी. का, तर तो तिथं मेलेला होता. मी फोटो आणायला बाहेर गेले, तर नातेला फळीसमोर खुर्ची टाकून बसलेली. ओठ हलत होते. तिच्या लेकासाठी आणि माझ्या लेकासाठी एकाच दमात काहीतरी म्हणत होती. तिच्यासमोरनं मी तो कसा उचलू? आणि काय सांगून? माझ्याजवळ तिच्या भाषेतला एक शब्द नव्हता. माझा शब्द म्हणजे हे, आणि हे आत घोरायला लागले होते.

मी रात्रभर खुर्चीत बसून काढली. त्या पलंगावर पाठ टेकवायची लाज वाटली मला. चादर कितीही स्वच्छ असू दे.

सकाळी हे पैसे बदलून आणायला गेले. तिथंही घासाघीस होती म्हणे. मी लगेच सोमेशला फोन लावला.

"आई, बाबांचा मेसेज आलाय. बेकरीपाशी थांब म्हणतायत."

"तू माझ्या पोटी जन्मलास की बेकरीच्या? मागच्या गल्लीनं सरळ घरी यायचं. आणि येऊन त्या बाईंना त्यांच्या भाषेत सांगायचं, तू कोण आहेस ते."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं. मला वाटलं, आता चिडेल, ओरडेल, निदान "बाबा असे कसे?" तरी म्हणेल. पण तो नुसता म्हणाला, "बरं. येतो. आई, मलाही तुला एक सांगायचंय. आल्यावर सांगतो."

मी पदर खोचला. नातेला स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी परातीत भाकरी थापत होते. ती बघत राहिली. पीठ हातात घेऊन तिनंही थापायचा प्रयत्न केला, भाकरी फाटली, आम्ही दोघी हसलो. तिनं कांदा चिरून दिला. मसाला चाखून बघितला आणि डोळ्यांतनं पाणी काढत माझ्या पाठीत धपाटा घातला. ती जितकी हसत होती तितकी मी मान खाली घालून भाकरी थापत होते. हिनं मला जवळ केलं ते मी हिच्यासारखी आहे म्हणून. आता कळलं की मी नाही, तर? ही मला चोर म्हणेल. आणि चोराच्या बायकोला लोक काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

दुपारी हे बेकरीकडं गेले. थोड्या वेळानं दार वाजलं. नातेलाच पुढं झाली, हात पुसत. तिनं दार उघडलं आणि समोर सोमेश. बारावीनंतर दाढी आली होती, पण डोळे तेच, फोटोतले.

नातेलानं दार धाडकन लावलं.

लावून ती दाराला पाठ टेकून उभी राहिली, पांढरी फटक. छातीवर क्रूस काढला. मग माझ्याकडं बघितलं. मी तिला हातानं बाजूला केलं आणि दार उघडून पोराला आत ओढलं. त्याचा हात धरला, तिचा हात धरला, आणि तिची बोटं त्याच्या मनगटावर दाबली. नाडीवर. बघ म्हटलं. मराठीतच म्हटलं. "बघ बाई. चालू आहे."

मग सोमेश बोलला, तिच्या भाषेत. मान खाली घालून. तो काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण ती कुठं पोचली ते तिच्या चेहऱ्यावर कळत होतं. एकदा तिनं माझ्याकडं चमकून बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"तुला माहीत होतं का, विचारतायत," सोमेश म्हणाला.

"सांग, काल रात्री टेबलावर कळलं."

ती फळीकडं गेली. मला वाटलं, फोटो फाडते आता. तिनं सोमेशपुढची मेणबत्ती दोन बोटांनी चिमटून विझवली. फोटो उचलला, पुसला, माझ्या हातात दिला. वाइनमधला तो वाळलेला दुसरा तुकडा खिडकीतनं चिमण्यांना टाकला. मग सोमेशसमोर आली आणि त्याचे खांदे, दंड, गाल चाचपून बघितले. बाजारात बैल बघतात तसं, सगळीकडनं. आणि रडायला लागली. रागानं की आनंदानं, तिचं तिलाच माहीत. पण तिनं त्याला सोडलं नाही.

तिनं स्वतः त्याला टेबलाशी बसवलं. मी वाढलं. पहिला घास घेतला नि पोरगं रडायलाच लागलं.

"तिखट झालं?"

"नाही. आई, पास दोन होते."

"कसले पास?"

"उद्याच्या कार्यक्रमाचे. बाबांनी तुला एकच सांगितला ना? तू तिथं यायला नको होतीस त्यांना." तो ताटातच बघत होता. "ॲडमिशनला बाबा माझ्याबरोबर आले होते, आठवतं? फी कमी करून हप्ते पाडून घेतले होते. तेव्हा ऑफिसातल्या बाईंना सांगितलं होतं, पोराला आई नाही. बिनआईचं लेकरू आहे, सांभाळून घ्या."

मी वाढता वाढता थांबले.

"त्या बाई चांगल्या आहेत गं. दरवर्षी इथल्या मातृदिनाला मला बोलावतात, स्वतः केलेला केक देतात. म्हणतात, आज तुला जड जात असेल. आणि मी तो खातो. सहा वर्षं खातोय."

कालची ती मोरी आठवली मला, केसांचा बोळा अडकलेली. सहा वर्षं! सहा वर्षं मी सांगलीत या माणसाला सकाळचा चहा देत होते, याचा सदरा इस्त्री करत होते, याच्या नावानं उपास धरत होते, आणि हा मला जॉर्जियात पुरून आला होता. हप्त्यांसाठी. बरं, मला सांगायचं तरी!

तेवढ्यात हे आले. घामाघूम, चिडलेले. "कारटं बेकरीपाशी आलंच ना..." आणि टेबलाशी सोमेश दिसला. मग फळी दिसली, मेणबत्ती विझलेली.

नातेला आत गेली. यांची बॅग घेऊन बाहेर आली आणि दाराबाहेर पायरीवर ठेवली. आदळली नाही. नीट ठेवली. कपाटातल्या बुटांसारखी.

"सोमेश, तिला सांग, गैरसमज झाला," हे म्हणाले. "सांग, पूर्ण भाव देतो."

उभ्या आयुष्यात या माणसाच्या तोंडून 'पूर्ण भाव' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

सोमेशनं सांगितलं. नातेला दोन वाक्यं बोलली.

"त्या म्हणतात, ही खोली भाड्याची नव्हतीच. लेवान गेल्यापासून कुणाला दिली नव्हती. आणि आई राहिली तर चालेल म्हणतात."

हे माझ्याकडं वळले. "महानंदा, बॅग भर. चल. अशा छप्पन्न खोल्या मिळतील."

"मी कशी येऊ?"

"म्हणजे?"

"मी मेलेय ना? सहा वर्षं झाली. मेलेली बाई कुणाबरोबर कुठं जाते होय?"

यांनी सोमेशकडं बघितलं. सोमेशनं भाकरीचा तुकडा मोडला आणि पिठल्यात बुडवला. बापाकडं मान वर केली नाही त्यानं. मग हे बॅग उचलून पायऱ्या उतरले. अंगणात तुतीपाशी जरा थांबले. सवय. पण हाक कुणीच मारली नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला मी गेले. पुढच्या रांगेत बसले, इरकल नेसून, ठसठशीत कुंकू लावून, कुणाला शंका राहायला नको म्हणून. ऑफिसातल्या बाईंना सोमेशनं आणून उभं केलं आणि त्यांच्या भाषेत म्हणाला, ही माझी आई. त्या गोऱ्या बाईचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मग काचेच्या दाराबाहेर सोमेशनं पास न दिल्यामुळं ताटकळत उभ्या असलेल्या यांच्याकडं. तिच्या तोंडावर तेच आलं जे माझ्या तोंडावर दोन दिवस होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. किळस वाटून घ्यायला कुणीतरी सोबत लागतं.

आजही चारचौघांत हे सांगतात, "तिबिलिसीत निम्म्यात खोली काढली होती बरं का!" पुढचं सांगत नाहीत. मी ताटं उचलायला आत जाते.

निघायच्या दिवशी तवा मी नातेलाला देऊन टाकला. तिनं तुतीच्या मुरंब्याची बरणी दिली. लेवानच्या फोटोला मी हात जोडले. मग दाराशी आले, आणि घराकडं तोंड करून, भिंतींना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हटलं, "माझा सोमेश शंभर वर्षं जगू दे. या नातेलाबाईंचं सगळं भलं होऊ दे. यांचा लेवान जिथं असेल तिथं सुखात असू दे."

नातेला बघत राहिली. तिच्या घरालाही मराठी कळत नव्हतं म्हणा. पण मी सांगायचं ते सांगितलं.

खाली अंगणात हे टॅक्सीवाल्याशी भावावरनं वाद घालत होते. एक हात कपाळावर, चेहरा पाडलेला. कुणाला तरी पुन्हा मारत असणार.

"आणि बाबा?" सोमेशनं हळूच विचारलं. "बाबांसाठी काही म्हणत नाहीस?"

मी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठावर आले होते.

पण वास्तू ऐकत होती. मी तोंड मिटलं आणि उंबरा ओलांडला.